वाव्हळे डाक्टरांचा डायनासोर

मागच्या महिन्यात लेकीच्या शाळेतून मला बोलावणं आलं. मी स्वतः मास्तर. दुसऱ्यांच्या बापांना बोलावणं धाडण्यात माझी निम्मी नोकरी गेली. पण आपल्याला बोलावणं आलं की माणूस आधी चपला शोधतो आणि मग आपला गुन्हा, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. परभणीतल्या त्या शाळेच्या बाई माझ्याहून बऱ्याच लहान. त्यांनी मला पोरांच्या बाकावर बसवलं. गुडघे हनुवटीला लागले.

"तुमच्या मुलीला मी डायनासोर म्हणजे काय ते विचारलं," बाई म्हणाल्या, "तर म्हणाली, ढोराचा डॉक्टर. सगळा वर्ग हसला. मी चूक म्हटलं तर रडायला लागली. म्हणते, माझ्या बाबांनी सांगितलंय आणि माझे बाबा सर आहेत."

झालं होतं असं, की सध्या पोरांत ह्या प्राण्याची साथ आलेली आहे. खोडरबरावर तो, कंपासपेटीवर तो, बिस्किटाच्या पुड्यात रबराचा तो. सकाळी मी दाढी करत होतो. लेकीनं विचारलं, "बाबा, डायनासोर म्हणजे काय हो?" गालावर पातं, अर्धं लक्ष आरशात. मी म्हणालो, "होता एक आमच्या गावात. ढोराचा डॉक्टर." म्हणालो आणि विसरलो. लेक विसरली नाही.

बाईंची मी माफी मागितली. सहा कोटी वर्षं, शाकाहारी, मांसाहारी, अंडी वगैरे जे काय मला ठाऊक होतं ते बाकावर बसल्या बसल्या म्हणून दाखवलं. पण सायकल काढून घरी येताना मनात आलं, की चुकलो असलो तरी मी खोटं काही बोललो नव्हतो. हा शब्द कानावर पडला की माझ्यापुढं लांब मानेचा प्राणी उभा राहत नाही. माझ्यापुढं दुमडलेल्या बाह्यांचा एक माणूस उभा राहतो, त्याच्या हाताला फिनेलचा वास येतो, आणि लांब कुठंतरी पन्नासएक माणसं एका सुरात तो शब्द ओरडत असतात.

गावाचं नाव लिहीत नाही. चुडाव्याला गाडीतून उतरून नदीच्या काठानं चालत गेलं की लागतं, एवढं पुरे. ह्यातली बरीच माणसं अजून आहेत आणि त्यातली निम्मी माझे सोयरे आहेत.

वाव्हळे सरकारी कागदावर डॉक्टर नव्हते, स्टॉकमन होते, म्हणजे डॉक्टरच्या हाताखालचे. गावाच्या वेशीजवळ टिनपत्र्याच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत दवाखाना, मागच्या खोलीत बायको आणि पाच-सहा वर्षांची छाया नावाची मुलगी. अंगणात जनावर अडकवून ठेवायचा लाकडी खोडा. मी नुकताच गावच्या शाळेवर लागलेलो, नुकतंच लग्न झालेलं, घरात एक गाय आणि खुराकाचं ज्ञान शून्य. त्यामुळे गायीच्या निमित्तानं माझं तिकडं जाणं-येणं वाढलं.

माणूस उंचीला बेताचा, पण हात लांब. पांढरा पूर्ण बाह्यांचा सदरा घालायचे आणि बाह्या दंडापर्यंत दुमडायचे. त्या घड्या इतक्या एकसारख्या असत की माझी बायको म्हणायची, "वैनी इस्त्री करत्यात का डाक्टर झोपतच न्हाईत?" जनावरांशी ते अहो-जाहो करून बोलत. म्हैस असली की काकू. "काकू, सरका जराशा. लाजायचं न्हाई." आणि बैल असला की पाटील. मग तो बैल कुणाचाही असो. "पाटील, पाय उचला. पाटील, तोंड उघडा. पाटील, येवढा माज बरा न्हाई." गावाचे वतनदार माली पाटील समोर उभे असले तरी ह्यात फरक पडत नसे. माणसं तोंडाला धोतराचा सोगा लावून हसत. माली पाटील हसत नसत. ते बैलाकडं बघत, मग वाव्हळ्यांकडं, मग परत बैलाकडं.

वाव्हळे बौद्ध. त्यांच्या आज्या-पणज्यांवर गावातलं मेलेलं ढोर ओढून नेण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या लादलेलं होतं. छप्पन साली धर्म बदलला तेव्हा बौद्धवाड्यानं ते काम टाकलं, ते टाकलंच. गावानं मात्र मनातल्या मनात ते त्यांच्याच नावावर ठेवलं होतं. पुढं मेलेल्या जनावरासाठी पूर्णेहून हाडांच्या ठेकेदाराची गाडी यायची. ती यायला उशीर झाला, गोठ्यात वास सुटला, की कुणीतरी बौद्धवाड्याच्या दिशेनं बघून थुंकायचं.

अशा गावात सरकारनं ढोरांचा डॉक्टर म्हणून पाठवला तो वाव्हळ्यांना. पहिल्याच उन्हाळ्यात एका घरची म्हैस त्यांच्या हातात गेली. त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला, डोळा मिटला, पिशवीचा पट्टा आवळला आणि उठले. घरचा मालक म्हणाला, "डाक्टर, आता आलाच हायसा तर जाता जाता तुमच्या वाड्यातली चार पोरं धाडा की वडायला."

वाव्हळे म्हणाले, "माज्याकडं सुई हाय मालक. दोर न्हाई." आणि सायकलीवर बसले.

हे वाक्य गावभर झालं. तेव्हापासून कुणी तोंडावर विचारलं नाही.

त्यांची आणखी एक खोड होती, ती मी माली पाटलांच्या वाड्यात पाहिली. पाटलांचा लाडका बैल, पोट फुगून आडवा झालेला. वाव्हळ्यांनी नळी घालून गॅस काढला, बैल धडपडत उभा राहिला, सगळ्यांचे जीव भांड्यात पडले. मग वाव्हळे म्हणाले, "साबण. अन्‌ दोन बादल्या पाणी." त्या काळी असल्या घरात वाव्हळ्यांच्या हाती कुणी तांब्या देत नसे, पाणी वरून ओतायचं, अंतर राखून. ते काम पाटलांच्याच वाट्याला आलं, कारण गडी शेतावर होते. पाटील वाकून ओतायला लागले आणि वाव्हळे हात धुवायला लागले. आधी नखं, एकेक. मग बोटांच्या बेचक्या, मनगट, कोपर, दंड. परत पहिल्यापासून. पाटलांची कंबर धरली. त्यांनी तांब्या जरा सरळ केला तर हे म्हणतात, "धार मोडू नका, पाटील." आता हे बैलाला म्हणाले का मालकाला, हे कळायला मार्ग नव्हता. दुसरी बादली संपेपर्यंत गावचा माली पाटील कमरेत वाकून उभा होता आणि मी खांबाआड तोंड दाबून.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "डाक्टर, जरा लवकर आटपायचं की."

"गुर्जी, जंतू मरायला येळ लागतो," ते म्हणाले. हसले नाहीत.

त्या वर्षी आषाढात नदी तुंबून आली आणि ओसरताना तिनं गावाच्या अंगाची दरड पाडली. वाळूच्या गाड्या घेऊन गेलेल्या माणसांना दरडीत ते हाड दिसलं. मीही पोरांना सुट्टी देऊन बघायला गेलो. शाळा सोडायला मला तेवढंच निमित्त. माणूस आडवा निजावा एवढं लांब, उखळाएवढं जाड आणि वजनाला धोंडा. अर्धं गाव काठावर जमलेलं. कुणी म्हणालं राक्षसाची मांडी. एका म्हातारीनं लांबूनच हळद टाकली. पलीकडच्या बाजूला बौद्धवाड्यातली माणसं उभी होती, वेगळी.

माली पाटलांचा पुतण्या बालाजी, तालुक्याच्या कॉलेजात दोन वर्षं काढून परत आलेला, तो मोठ्यांदा म्हणाला, "राक्षस कशाचा? ढोराचं हाड हाय. अन्‌ ढोराचं हाड गावाच्या पाणवठ्यावर ठेवत्यात का? ज्याचं काम हाय त्यानं वडून टाकावं." म्हणताना तो पलीकडं बघत होता.

नदीचा आवाज यायला लागला. वाव्हळे तेवढ्यात सायकल ढकलत आले होते. माली पाटील म्हणाले, "हे बगा डाक्टर आलेच. डाक्टर, कोन्तं ढोर हाय सांगा."

वाव्हळे दरडीशी उकिडवे बसले. हाडावरची माती पुसली. दगडानं ठोकून आवाज ऐकला. मग वाकून त्यांनी हाडाला चक्क जीभ लावली. बायांच्या तोंडून "अगं बया" निघालं. बराच वेळ त्यांनी मान वर केली नाही. त्या वेळात त्यांच्या डोक्यात काय चाललं होतं ह्याचा विचार मी पुढं कित्येक वर्षं केला आहे.

"ढोर न्हाई," ते उठून म्हणाले.

"मंग?"

"डायनासोर."

हा शब्द गावानं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. गावच्या मास्तरानंही नीटसा तेव्हाच ऐकला, पण मास्तरानं मान अशी हलवली की जणू रोजचा आहे.

"म्हंजे काय?" पाटलांनी विचारलं.

"भयंकर सरडा. ग्रीक लोकांचा शब्द हाय."

"ग्रीक म्हंजे कुनीकडले?"

"लय लांबले. त्यांचं आपल्याकडं शिवार न्हाई."

माणसं हसली. पाटीलही हसायच्या बेतात होते. बालाजी म्हणाला, "सरडा काय अन्‌ बैल काय, मेला की ढोरच. वडायलाच पायजे."

"बरोबर हाय तुमचं," वाव्हळे शांतपणे म्हणाले. "पर हे मेलं तवा गाव नव्हतं. पाटील नव्हते. आमी बी नव्हतो. कुनाचं काम कुनाला लावलेलं नव्हतं. मंग आता ह्याच्यासाठी कुनाला हाळी देता?"

पलीकडून एक म्हातारा खुदकन हसला. मग त्या बाजूचे सगळेच. माली पाटीलही हसले, पण त्यांनी हसायला उशीर केला, आणि तो उशीर सगळ्यांनी पाहिला.

बऱ्याच वर्षांनी नांदेडच्या एका प्राध्यापकांना मी हे हाड सांगितलं. ते म्हणाले, तुमच्या नद्यांच्या काठात डायनासोर कुठला, तो जुन्या काळचा हत्ती असणार. गोदेच्या, पूर्णेच्या गाळात सापडतात. म्हणजे वाव्हळे चुकले. पण मला काही ते चुकले असं वाटत नाही. हत्ती म्हणाले असते तर निम्म्या गावानं त्याला गणपती केला असता आणि निम्म्यानं ढोर. आणि ढोर झालं की दोर कुणाच्या हातात द्यायचा हे ठरलेलंच होतं. त्यांना असा एक शब्द पाहिजे होता, ज्याला गावात कसली म्हणून रीत नव्हती. तो त्यांनी त्या उकिडवं बसलेल्या वेळात शोधला असावा.

शब्द मात्र गावानं उचलला. चुडाव्याला उशिरा येणारी पॅसेंजर डायनासोर झाली. शेजारच्या सोपानरावांची सासू डायनासोर झाली. न चालणारा बैल, न पेटणारी चूल, शाळा तपासायला वरचेवर येणारे आमचे दीपोटी साहेब, सगळे डायनासोर. शाळेत पोरांनी मला चित्र काढून मागितलं. मी फळ्यावर एक म्हैस काढून तिला लांब शेपूट जोडलं आणि वर 'भयंकर सरडा' असं लिहिलं. पोरांना पटलं. एक पोरगी म्हणाली, "गुर्जी, ह्याला आचळं हायती." मी ती पुसली.

मग विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव झाल्याची बातमी रेडिओवर आली, आणि थोड्याच दिवसांत तो शब्द हसण्यावारी राहिला नाही.

ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको. यष्ट्या बंद. तारा तोडलेल्या. कुठल्या कुठल्या गावाकडं धूर दिसायचा आणि दुसऱ्या दिवशी त्या गावाचं नाव कुणी मोठ्यानं घ्यायचं नाही. आमच्या पारावर बालाजीभोवती पोरं जमायला लागली. मी जवळून गेलो की बोलणं थांबायचं, पण एक वाक्य थांबता थांबता कानावर यायचं: "औंदा डायनासोर काढायचाय." कुणाचा, कुठून, कसा, हे पुढं काही नसायचं. लहान पोरं तेच वाक्य गोट्या खेळताना म्हणायला लागली. बायका विहिरीवर म्हणत आणि मग इकडंतिकडं बघत.

दवाखान्याच्या खोड्यात जनावर दिसेनासं झालं. एरवी सकाळी तिथं म्हशींची रांग असायची. आता घटसर्पाची साथ सुरू झाली तरी कुणी येईना, आलं तर माणूस एकटाच यायचा, मागच्या दारानं, आणि हळूच विचारायचा, "म्हशीला घसा सुजलाय, काय पाजावं?" वाव्हळे म्हणायचे, "म्हशीला आना." तो म्हणायचा, "लोक बगायलेत." वाव्हळे मग पिशवी उचलून त्याच्याबरोबर निघायचे, भर दुपारी, मधल्या गल्लीनं, पारावरून. तिथं बोलणं थांबायचं. ते गेले की परत सुरू व्हायचं.

पोळ्याच्या दिवशी सांजच्याला बैल नटवून मारुतीकडं निघाले. शिंगांना बेगड, अंगावर झुली, ताशा. मी आणि बायको दारात उभे होतो. मिरवणूक मारुतीकडं वळायच्या जागी वेशीकडं वळली. मागं बघतो तर माली पाटलांच्या दोन बैलजोड्या जुवाला जुंपलेल्या, त्यांना साखळदंड, आणि साखळदंडाला ते हाड. गल्लीच्या दगडांवर आपटत, खडखडत येत होतं. वाटेत त्याचे तीन तुकडे झाले तरी पोरांनी ते परत बांधले. पोरं घामाघूम, हात लाल झालेले. मी लोकांमागं गेलो. लोक गेले म्हणून गेलो, मला शौर्याचं अंग नाही.

दवाखान्याच्या दारात तुकडे टाकून बालाजी ओरडला, "डाक्टर, बाहेर या. तुमचा पाव्हणा आनलाय."

वाव्हळे बाहेर आले. त्यांनी आधी बालाजीकडं बघितलं नाही, हाडाकडंही नाही. बैलांकडं बघितलं. जवळ जाऊन एकाच्या खांद्यावर हात ठेवला.

"सोललंय," ते म्हणाले. "पोळ्याच्या दिशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत न्हाईत. येवढं बी इसरले का रे?"

ताशा थांबला. वयस्क माणसं खाली बघायला लागली, कारण ते खरं होतं. वर्षातला एक दिवस बैलाचा, त्या दिवशी त्याला काम नाही, आणि गावानं वाव्हळ्यांना हिणवायच्या नादात तोच दिवस मोडला होता.

मग वाव्हळ्यांनी हाडाकडं बघितलं. पोरांच्या लाल हातांकडं बघितलं. म्हणाले, "वडलं मातर झकास. येवढी सफाई आमच्या आज्याला बी जमली नसती."

आणि त्या शांततेत एक माणूस फस्सकन हसला. तो मी होतो. हसू आवरण्याचा रोग मला कधीच झाला नाही. बालाजीनं वळून माझ्याकडं पाहिलं. बायकोनं मागून माझा सदरा एवढा ओढला की गळ्याचं बटण तुटलं.

पोरं बैल जुवातून सोडवून घेऊन निघून गेली. मारामारी झाली नाही, दगड आला नाही. त्या रात्री काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी बाजार होता. वाव्हळीणबाईंना गावातल्या दुकानात मीठ मिळालं नाही, संपलंय म्हणाले. मीठ.

नंतर एका सकाळी माली पाटील शाळेत आले. ते शाळेत झेंडावंदनाशिवाय येत नसत. काठी भिंतीला लावून उभेच राहिले.

"गुर्जी, तुमचं त्या डाक्टराशी बसनं-उठनं हाय. त्याला म्हनावं, चार दिस पाव्हण्याकडं जाऊन या."

"का हो पाटील?"

"का म्हंजे? आभाळ आलंय."

बाहेर लख्ख ऊन होतं. मी खिडकीतून बघितलं आणि त्यांनी मला बघताना बघितलं. "माज्या हातात ऱ्हायलं न्हाई आता," ते म्हणाले. आवाज एकदम म्हाताऱ्या माणसाचा होता. "पोरं ऐकंनात. मी सांगून मोकळा झालो. आता तुमी सांगून मोकळे व्हा."

मी दवाखान्यात गेलो. वाव्हळे सुया उकळत होते, गिऱ्हाईक नसलं तरी रोज उकळत. मी निरोप सांगितला. त्यांनी ऐकून घेतला आणि विचारलं, "तुमची गाय कवा व्यायाची?"

"आज-उद्या. पर डाक्टर, गाईचं काय घेऊन बसलात!"

"पैलारू हाय. अन्‌ काल बगितली तवा वासरू आडवं लागलं हाताला. ती मोकळी झाली की जातो."

मी घरी येऊन बायकोला सांगितलं. दुपारी गायीला कळा सुरू झाल्या आणि मी वाव्हळ्यांना बोलवायला निघालो, तर ही पदर खोचून माझ्याबरोबर. दवाखान्याच्या मागच्या खोलीत शिरून वाव्हळीणबाईंना म्हणाली, "वैनी, गाय अडलीय. मला भ्या वाटायलंय. पोरीला घेऊन चला." ही बाई माहेरी पाच गायींच्या गोठ्यात वाढलेली. भ्यायची ती गायीला नाही.

आमच्या गोठ्यात वाव्हळ्यांनी सदरा काढला, दंडापर्यंत साबण लावला आणि हात आत घातला. मला शेपूट धरायला दिलं. "गुर्जी, शेंडी धरल्यावानी धरू नका. घट्ट." छाया शेणात पाय घसरून पडली, बायकोनं तिचा झगा काढून धुतला, तिला आपलं पोलकं घातलं, ते तिच्या पायापर्यंत आलं. झगा अंगणातल्या दोरीवर वाळत टाकला. अंगणाला कुंपण नव्हतं. दोरी पारावरून दिसायची.

वाव्हळ्यांचा हात खांद्यापर्यंत गायीच्या पोटात होता, गाल तिच्या कुशीला टेकलेला, डोळे मिटलेले. आतल्या आत ते काहीतरी चाचपत, वळवत होते. "काकू, दम धरा. काकू, आलंच." तेवढ्यात मला वास आला. मग वेशीच्या बाजूला धूर दिसला, काळा, टिनाखालून निघतो तसा दबलेला. आणि मग ओरडणं. आधी कळेना काय ते. मग शब्द लागला. पन्नासएक माणसं एका सुरात ओरडत होती: डायनासोर, डायनासोर, डायनासोर.

माझ्या हातातून शेपूट सुटलं.

"डाक्टर," मी म्हणालो, "दवाखाना..."

"शेपूट धरा." त्यांनी डोळे उघडले नाहीत. जरा थांबून, हात आतच ठेवून, त्यांनी मोठ्यांदा विचारलं, "माजी मान्सं?"

स्वयंपाकघराच्या दारातून बायको म्हणाली, "हितं हायती. चहा पिल्यात."

आमच्या घरात, आमच्या कपातून. वाव्हळीणबाई तिच्या मागं उभ्या होत्या, तोंडाला पदर लावून. वाव्हळ्यांनी एक श्वास सोडला, तो गायीच्या पोटावर ऐकू आला. "पाय घावले," ते म्हणाले. "दोर द्या. मी सांगतो तवा वढा. आता. वढा गुर्जी, जोर लावा."

ओरडणं जवळ येतंय का लांब जातंय ते कळत नव्हतं. मी ओढत होतो. वासरू आलं. वाव्हळ्यांनी त्याच्या नाकातला चिकटा काढला, तोंडानं फुंकर घातली, गवतानं अंग चोळलं, पाय धरून उलटं झुलवलं. परत फुंकर. पुष्कळ वेळ. मग त्यांनी त्याला हळूच खाली ठेवलं आणि त्याच्या कपाळावर हात ठेवला. गाय जगली. ती मान वळवून वासराला हुंगत होती.

"साबण," वाव्हळे म्हणाले.

मी पाणी ओतलं. त्यांनी हात धुतले, नेहमीसारखेच. आधी नखं, मग बेचक्या, मग वर. गल्लीतून कुणीतरी पळत गेलं, त्यांनी मान वळवली नाही. "वार पडंस्तोवर गार पानी पाजू नका," ते बायकोला म्हणाले, "अन्‌ आज बसू देऊ नका तिला. उठवून उभी करा." सदरा घालून त्यांनी बाह्या दुमडल्या. एक घडी वाकडी झाली, ती उलगडून परत घातली.

परसातून नदीची वाट जात होती. बौद्धवाड्यातली चार-पाच पोरं काठ्या घेऊन तिथं येऊन उभी होती, चुडाव्यापर्यंत पोचवायला. वाव्हळ्यांनी छायाला खांद्यावर घेतलं. पिशवी नव्हती, सायकल नव्हती, सुया नव्हत्या, सगळं टिनाखाली. बायकोच्या पोलक्यातली ती पोर त्यांच्या डोक्याला धरून मागं बघत होती, धुराकडं. ते बघत नव्हते. ज्वारीच्या कडेनं वाट खाली उतरते, तिथं आधी त्यांचे पाय दिसेनासे झाले, मग पाठ, मग शेवटी नुसती ती पोर ज्वारीवरून तरंगत गेल्यासारखी दिसली, आणि मग ज्वारीच.

त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. बदली कुठं झाली, झाली का नाही, कुणी सांगू शकलं नाही.

वासराला मी पाटीत घालून नदीकडं घेऊन गेलो. वाटेत दोन-तीन सोयरे भेटले, त्यांनी पाटीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. खड्डा उकरून परत आलो तेव्हा ओरडणं थांबलं होतं. पारावर बालाजी आणि त्याची माणसं बसली होती आणि सगळे आमच्या अंगणाकडं बघत होते. दोरीवर तो लहानसा पिवळा झगा हलत होता. गावात तसा झगा एकाच पोरीचा होता, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं.

मी मातीच्या हातांनीच भराभर दोरीकडं निघालो. झग्याला हात घातला तोच बायको दारात आली. पाराकडं तिनं एकदा बघितलं, चांगलं सावकाश बघितलं. आणि तिकडंही ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाली, "अहो, वला हाय की आजून. वाळू द्या त्याला."